४,८६० सायटेशन्स, पण कशाच्या? एका संगणक-सुरक्षा संशोधकाच्या मूल्यमापनाचं प्रकरण

एका संगणकशास्त्र विभागाकडे सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी अर्ज आला. उमेदवाराचं क्षेत्र सिस्टीम सिक्युरिटी: मोबाईलवरचं मालवेअर, प्रोटोकॉलच्या अंमलबजावणीतल्या चुका, थोडं फझिंग (प्रोग्रॅमला उलटसुलट इनपुट देऊन चुका शोधणं). पीएचडी होऊन नऊ वर्षं झालेली. अर्जाच्या पहिल्याच पानावर गूगल स्कॉलरचे तीन आकडे ठळक छापलेले होते: एकूण सायटेशन्स (इतर निबंधांत झालेले उल्लेख) ४,८६०, एच-इंडेक्स २७ (किमान २७ सायटेशन्स असलेले २७ निबंध), आय१०-इंडेक्स ४१ (किमान दहा सायटेशन्स असलेले ४१ निबंध). पाच जणांच्या समितीत सुरक्षा क्षेत्रातला सदस्य एकच. सैद्धांतिक संगणकशास्त्रातल्या सदस्याला आकडे प्रचंड वाटले, मशीन लर्निंगवाल्याला बेताचे. दोघांचंही मत आपापल्या विषयाच्या सवयीतून आलेलं होतं, म्हणून उमेदवाराला न्याय देण्याच्या कामाचं नव्हतं. बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं मागवण्याआधी आकड्यांची छाननी करायची, असं ठरलं.

उमेदवार आणि त्यांचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी रचलेले आहेत. साधनं, परिषदा आणि पुढे नावानिशी येणारे शोधनिबंध मात्र खरे आहेत.

आधी यादी साफ करणं

स्कॉलरच्या प्रोफाइलवर ६८ नोंदी होत्या. प्रोफाइल उघडताना ‘नवे लेख आपोआप जोडा’ हा पर्याय बहुतेक जण चालू ठेवतात आणि नंतर कधी तिकडे फिरकत नाहीत. त्यामुळे नावसाधर्म्याचा घोळ होतो. इथे वीजवितरण जाळ्यावर काम करणाऱ्या दुसऱ्याच कोणाचे ९ लेख या खात्यात येऊन बसले होते. यात लबाडी दिसली नाही. पण ते ९ लेख २१० सायटेशन्स घेऊन आले होते, आणि त्यातले तीन (६१, ४८ आणि ३९ सायटेशन्सचे) थेट एच-इंडेक्सच्या गाभ्यात, म्हणजे तो आकडा ठरवणाऱ्या २७ निबंधांत, शिरले होते.

हा घोळ पकडायला डीबीएलपी सगळ्यात सोयीचं. १९९३ मध्ये ट्रिअर विद्यापीठात सुरू झालेली ही यादी फक्त संगणकशास्त्रापुरती आहे, आणि सारख्या नावाच्या माणसांना ती नावापुढे चार आकडी क्रमांक लावून वेगळं करते. आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संग्रहावरचे कच्चे मसुदेही तिथे ‘अनौपचारिक’ म्हणून वेगळ्या रंगात दिसतात. स्कॉलरची यादी एका बाजूला, डीबीएलपीची दुसऱ्या बाजूला ठेवून शीर्षकं जुळवली की जे उरतं तेवढंच हातानं तपासावं लागतं. उमेदवाराचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) असेल तर तोही पाहावा, पण त्यावर विसंबू नये; ऑर्किडची यादी मालक स्वतः भरतो आणि ती सहसा अर्धवट असते.

दुसरा घोळ दुहेरी नोंदींचा. सुरक्षा क्षेत्रात एकच काम तीन रूपांत फिरतं: आधी मसुदा, मग परिषदेतला निबंध, मग नियतकालिकातली आवृत्ती. प्रोसेसरवरच्या ‘स्पेक्टर’ हल्ल्याचा निबंध जानेवारी २०१८ मध्ये मसुदा म्हणून खुला झाला, आयईईई एस अँड पी परिषदेत २०१९ मध्ये आला आणि २०२० मध्ये एसीएमच्या मासिकात पुन्हा छापला गेला. त्याचा उल्लेख करणारे तिन्हींपैकी हाताला लागेल ते रूप धरतात. आपल्या प्रकरणात अशा ७ नोंदी निघाल्या. त्या मूळ निबंधात विलीन करताना दोन गोष्टी होतात. ज्यांनी दोन्ही रूपांचा उल्लेख केला त्यांची दुहेरी मोजणी जाते (इथे ६० सायटेशन्स घटल्या). आणि उलटही घडतं: १९ आणि १४ अशा विभागलेल्या सायटेशन्सचा एक निबंध विलीनीकरणानंतर ३३ वर गेला आणि गाभ्यात आला. म्हणजे साफसफाईनं एच-इंडेक्स नेहमी घटतोच असं नाही. विलीन नोंदीपुढे स्कॉलर कधीकधी चांदणी दाखवतं. ती दिसली की त्यात भलताच लेख मिसळला नाही ना, हे उघडून पाहायचं.

तिसरा भाग किरकोळ: सादरीकरणाच्या स्लाइड्स, प्रबंध, तांत्रिक अहवाल, अशा ६ नोंदी आणि ४० सायटेशन्स.

हिशेब असा जमला. नोंदी ६८ उणे ९ उणे ७ उणे ६, म्हणजे ४६ निबंध. सायटेशन्स ४,८६० उणे २१० उणे ६० उणे ४०, म्हणजे ४,५५०. एच-इंडेक्स २७ उणे ३ अधिक १, म्हणजे २५; त्यापुढच्या निबंधाला २४ च सायटेशन्स होत्या, म्हणून २६ होऊ शकला नाही. एकूण आकड्यात साडेसहा टक्क्यांहूनही कमी फरक पडला. इतक्यासाठी एवढी खटपट का, असं समितीत विचारलं गेलं. कारण पुढचं सगळं काम याच यादीवर चालतं, आणि भलत्या माणसाचा लेख नमुन्यात आला तर तो सगळा नमुनाच फेकून द्यावा लागतो.

चार खिडक्या, चार आकडे

एकाच दिवशी साफ केलेली ४६ निबंधांची यादी सायटेशन्स मोजणाऱ्या चार साधनांत तपासली. स्कॉलरवर ४,५५०, सिमँटिक स्कॉलरवर ३,६१०, ओपनअॅलेक्सवर ३,०२० आणि स्कोपसवर २,४८०. समितीतल्या एकाला यात काहीतरी गडबड वाटली. गडबड नव्हती; प्रत्येकजण वेगळं काही मोजतो.

स्कॉलर वेबवर जे विद्वत्तापूर्ण वाटेल ते मोजतं: पदव्युत्तर प्रबंध, मसुदे, छोट्या कार्यशाळांचे निबंध, सगळं. स्कोपस निवडक स्रोत घेतं आणि त्याची मांडणी नियतकालिकांना धरून आहे; सुरक्षा क्षेत्रातलं बहुतेक महत्त्वाचं काम परिषदांत छापलं जात असल्यानं तिथे आकडा आपसूक आखडतो. शिवाय एक अडचण फक्त याच क्षेत्राला भोवते. युझनिक्स ही संस्था आपल्या परिषदांच्या निबंधांना डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) देत आलेली नाही. एसीएमच्या डिजिटल लायब्ररीत त्या निबंधांपुढे १०.५५५५ नं सुरू होणारा क्रमांक दिसतो आणि तो डीओआयसारखाच भासतो, पण तो अधिकृतपणे नोंदवलेला नसतो. डीओआयच्या आधारे साखळी जोडणाऱ्या साधनांच्या हातून त्यामुळे युझनिक्स सिक्युरिटीतल्या निबंधाच्या सायटेशन्स निसटतात. उमेदवाराचे पाच निबंध याच परिषदेतले होते, आणि चार खिडक्यांतली सगळ्यात मोठी दरी नेमकी त्या पाचांच्या ओळीत सापडली.

इथून नियम एकच निघतो: तुलना करायची तर दोन्ही बाजूंचे आकडे एकाच खिडकीतून आणि एकाच दिवशी घ्यायचे, आणि ती तारीख लिहून ठेवायची. एकाचा स्कॉलरवरचा आकडा दुसऱ्याच्या स्कोपसवरच्या आकड्याशेजारी ठेवलेला अहवाल आला, तर तो परत पाठवावा.

बेरीज कुठे साठली आहे

४६ निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमानं लावले तेव्हा चित्र पालटलं. पहिल्या पाचांना अनुक्रमे १,३१०, १,१२०, ६४०, २९० आणि १७०, मिळून ३,५३०. उरलेल्या ४१ निबंधांच्या वाट्याला १,०२०. म्हणजे एकूण वजनातलं ७७ टक्क्यांहून अधिक पाच निबंधांवर, आणि निम्म्याहून जास्त पहिल्या दोघांवरच. मध्यक २८.

एच-इंडेक्सला हे दिसतच नाही. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये हा निर्देशांक मांडला, तो मुळी एखाददुसऱ्या गाजलेल्या निबंधानं माणसाचा आकडा फुगू नये म्हणून. त्याची किंमत अशी की १,३१० सायटेशन्सचा निबंध आणि २७ सायटेशन्सचा निबंध दोघेही त्यात एकेकच गुण मिळवतात. सातत्य मोजायला तो ठीक आहे. कोणी क्षेत्राला वळण दिलं का, हे मात्र त्याला विचारू नये.

स्वतःच्या सायटेशन्स दोन पद्धतींनी मोजल्या. उमेदवारानं स्वतःच्या निबंधात स्वतःचा उल्लेख केलेल्या २०५, म्हणजे साडेचार टक्के. मूळ निबंधाचा कोणताही सहलेखक उल्लेख करणाऱ्या निबंधातही असेल, अशा ५२०, म्हणजे सुमारे साडेअकरा टक्के. दोन्ही आकडे निवांत आहेत. एकाच प्रणालीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या गटाला आपलंच मागचं काम सांगावं लागतं, त्यामुळे शून्य सेल्फ-सायटेशन हेच खरं तर संशयास्पद. या ५२० वगळल्यावर एच-इंडेक्स २३ वर आला.

लेखकांच्या क्रमाबद्दल थोडं सावध राहावं लागतं. सिस्टीम सिक्युरिटीत पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं आणि शेवटचं बहुधा मार्गदर्शकाचं. क्रिप्टोग्राफीत आडनावांचा वर्णक्रम पाळतात, तिथे पहिल्या नावाला काहीच अर्थ नाही. उमेदवाराचे ४६ पैकी तीन निबंध क्रिप्टोग्राफीच्या परिषदांतले होते आणि अर्जात त्यातल्या दोघांना ‘प्रथम लेखक’ म्हणून गुण मागितले होते. ते काढून टाकले. पहिल्या पाचांत उमेदवार १,३१० च्या निबंधात सातांपैकी तिसऱ्या क्रमांकावर, १,१२० च्या निबंधात चौघांत पहिले, ६४० च्या निबंधात तिघांत पहिले, आणि २९० च्या निबंधात पाचांत शेवटचे. वाटे पाडले तर सर्वाधिक सायटेशन्सच्या निबंधातून १८७ वाट्याला येतात आणि दुसऱ्यातून २८०. क्रम तिथेच उलटा झाला.

सायटेशन उघडून वाचणं

छाननीचं खरं काम इथे सुरू होतं आणि बहुतेक समित्या इथेच थांबतात. सुरक्षा क्षेत्रात एखाद्या निबंधाचा उल्लेख पाच-सहा निरनिराळ्या कारणांनी होतो. ‘असे हल्ले होतात’ या वाक्याला टेकू म्हणून. त्या हल्ल्यावर बचाव बांधताना. त्यातला डेटा वापरताना. त्यातलं साधन चालवताना. आणि ते काम मोडलं, हे सांगतानाही. नीडम आणि श्रोडर यांचा ओळख पटवण्याचा १९७८ चा प्रोटोकॉल गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये मोडून दाखवला, आणि त्यानंतर तो प्रोटोकॉल पडताळणीचा धडा म्हणून अधिकच उल्लेखला गेला. मोडलं जाण्यात कमीपणा काही नाही, पण मोजणाऱ्याला ते ठाऊक हवं.

समितीनं चार निबंधांचे नमुने घेतले: १,१२० मधून १५०, ६४० मधून १००, १,३१० मधून ८० आणि २९० मधून ६०. दीडशेच्या नमुन्यात टक्केवारीची चूक सात-आठ टक्क्यांपर्यंत राहते. समितीला तेवढं पुरे.

नमुना काढताना पहिलीच अडचण स्कॉलरची. ते कोणत्याही शोधाचे हजारच निकाल दाखवतं, त्यापुढचे नाहीत. म्हणून १,१२० उल्लेखांची यादी वर्षवार तुकड्यांत काढावी लागली. मग सगळ्यांना क्रमांक देऊन यादृच्छिक निवड केली, आणि निवडीचं बीज (ज्या आकड्यापासून यादृच्छिक निवड सुरू होते तो) टिपणात लिहिलं, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर तोच नमुना पुन्हा काढता येईल.

वाचनाची रीत साधी. उल्लेख करणारा निबंध उघडायचा, संदर्भयादीत आपल्या निबंधाचा क्रमांक शोधायचा, मग तो क्रमांक मजकुरात शोधायचा. इथे हमखास फसगत होते: [२३] शोधला तर [२०–२५] मधला उल्लेख सापडत नाही, आणि वाचणारा ‘उल्लेखच नाही’ असं लिहून मोकळा होतो. अशा वेळी पार्श्वभूमी आणि पूर्वकार्य हे दोन भाग नजरेनं वाचावे लागतात. एका निबंधात तीनदा उल्लेख असेल तर सगळ्यात जड उल्लेख धरायचा. दोघांनी आधी तेच ३० उल्लेख स्वतंत्रपणे वर्गात टाकले. दोघांची जुळणी मोजणारा ‘कप्पा’ हा निर्देशांक (१ म्हणजे पूर्ण सहमती) ०.५८ आला. मतभेद ‘डेटा वापरला’ आणि ‘डेटाचं नाव घेतलं’ यांच्या सीमेवर होते. प्रयोगाच्या तक्त्यात त्या डेटावरचा निकाल असेल तरच ‘वापरला’, असा नियम केल्यावर पुढच्या ३० ला कप्पा ०.८१ वर गेला. एका उल्लेखाला सरासरी पाच मिनिटं धरली तर ३९० उल्लेखांचं काम दोघांत प्रत्येकी सोळा तासांचं होतं. सिमँटिक स्कॉलर उल्लेखांचे ‘पार्श्वभूमी’, ‘पद्धत’, ‘निकाल’ असे वर्ग आपोआप पाडून देतं. त्याचा उपयोग ढीग लावण्यापुरता. निवाडा त्याच्यावर सोडू नये.

१,३१० चा निबंध क्षेत्राचा आढावा घेणारा होता. नमुन्यातल्या ८० पैकी ७४ उल्लेख प्रस्तावनेतल्या पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात, कंसातल्या सहा-सात क्रमांकांपैकी एक. त्यातलं वर्गीकरण प्रत्यक्ष वापरणारे सहाच. आढाव्याचं हे नेहमीचंच. एस अँड पी परिषदेनं २०१० पासून ‘एसओके’ हा ज्ञानाची मांडणी करणाऱ्या निबंधांचा वेगळा प्रकार सुरू केला. चांगला एसओके क्षेत्राच्या संकल्पना बदलतो आणि त्याच्या उल्लेखांत ते दिसतं. इथे दिसलं नाही. निबंध उपयुक्त आहे, पण अर्जात तो ‘मूलभूत योगदान’ या मथळ्याखाली होता आणि तिथून तो खाली आणावा लागला.

१,१२० चा निबंध मोबाईल मालवेअरचा डेटासंच देणारा. दीडशेपैकी ९६ जणांनी त्यावर प्रयोग केले, ४१ जणांनी नुसता उल्लेख केला, ७ जणांनी दोष दाखवले, ६ उल्लेख निरुपयोगी निघाले. ६४ टक्के प्रत्यक्ष वापर म्हणजे वजनदार योगदान. एनडीएसएस परिषदेतल्या २०१४ च्या ‘ड्रेबिन’ या कामाचंही असंच झालं: त्यातल्या ओळखपद्धतीइतकाच ५,५६० मालवेअर नमुन्यांचा संच लोकांच्या कामी आला. मात्र ते सात दोषवाले उल्लेख समितीनं सगळ्यात लक्षपूर्वक वाचले. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर होतं. संचात एकाच ॲपच्या किंचित बदललेल्या प्रती पुष्कळ आहेत, त्यामुळे प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्ही भागांत एकच नमुना येतो आणि अचूकता फुगते. दुसरं, काळाचं भान न ठेवता संच विभागला तर भविष्यातल्या मालवेअरवर शिकून भूतकाळातलं ओळखल्यासारखं होतं. ही दुसरी चूक युझनिक्स सिक्युरिटी २०१९ मधल्या ‘टेसरॅक्ट’ निबंधानं सविस्तर दाखवली आहे, आणि त्याच परिषदेतल्या २०२२ च्या एका निबंधानं सुरक्षेतल्या मशीन लर्निंगच्या ३० नावाजलेल्या कामांत अशा दहा प्रकारच्या चुका तपासल्या. काळाचा दोष वापरणाऱ्यांचा. प्रतींचा दोष संच बनवणाऱ्यांचाही. मुलाखतीत विचारायचा पहिला प्रश्न इथे ठरला.

निरुपयोगी सहांपैकी चार एकाच नियतकालिकातले होते, आणि उल्लेखाचं वाक्य जवळजवळ शब्दशः तेच. म्हणून पूर्ण यादीत त्या नियतकालिकाचा शोध घेतला, तेव्हा दोन अंकांत मिळून ३८ असे लेख सापडले. अशा वेळी पहिला संशय उमेदवारावर जातो आणि तो जाऊ द्यावा; तपासावं मात्र थंड डोक्यानं. उमेदवार त्या नियतकालिकाच्या संपादक मंडळात नव्हते, त्या लेखकांपैकी कोणाबरोबर एकही निबंध नव्हता, आणि त्याच वाक्यांत आणखी दोन परिचित डेटासंचांचे उल्लेख होते. गठ्ठ्यानं बनवलेले लेख खरे दिसावेत म्हणून लोकप्रिय संदर्भ पेरतात, तसा हा प्रकार. ३८ वगळले, आकडा १,०८२ झाला. स्कॉलर अशा पेरणीला किती सहज फसतं हे सिरिल लाबे यांनी २०१० मध्येच दाखवून दिलं होतं: ‘आयके अँटकारे’ नावाचा अस्तित्वातच नसलेला संशोधक, यंत्रानं लिहिलेले निरर्थक निबंध, एकमेकांचे उल्लेख, आणि एच-इंडेक्स ९४.

६४० चा निबंध हल्ल्याचा. शंभरपैकी ७२ उल्लेख कंसातल्या क्रमांकांच्या यादीत नुसते आलेले, १७ त्या हल्ल्यावर बचाव बांधणारे, ८ हल्ला पुढे नेणारे, ३ आक्षेप घेणारे. आढाव्याशेजारी ठेवलं की फरक दिसतो: इथे शंभरातल्या २५ जणांनी या कामावर स्वतःचं काम उभं केलं आहे. हल्ल्याच्या निबंधाकडून याहून जास्त मागू नये.

२९० चा निबंध फझिंगच्या साधनाचा. ६० पैकी ३८ जणांनी साधन चालवलं. साधनांच्या बाबतीत सायटेशन नेहमी कमीच बोलतं. फझिंगमधलं ‘एएफएल’ हे क्षेत्राचं सगळ्यात प्रभावी साधन मिखाल झालेव्स्की यांनी कोणताही परिषद-निबंध न लिहिता खुलं केलं; लोक त्याच्या संकेतस्थळाचा पत्ता संदर्भयादीत टाकतात, आणि तो पत्ता कोणाच्याच एच-इंडेक्समध्ये पडत नाही. याउलट ‘झेडमॅप’ २०१३ मध्ये युझनिक्स सिक्युरिटीत निबंध म्हणूनही आलं, त्यामुळे इंटरनेट स्कॅन करणाऱ्यांना मोजता येईल असा संदर्भ मिळाला. उमेदवाराच्या साधनाला परिषदेच्या परीक्षणात उपलब्ध, चालणारं आणि निकाल पुन्हा मिळालेलं, असे तिन्ही बिल्ले होते. साधन ताज्या यंत्रावर बसवून पाहिलं, तर एका जुन्या लायब्ररीवर अडलं; साधनाच्या कोडच्या भांडारातल्या एका बंद तक्रारीत तोडगा होता. म्हणजे देखभाल चालू आहे.

४७ सायटेशन्सचा निबंध

उतरत्या यादीत बाराव्या क्रमांकावर एक निबंध होता: एका कूटलेखन लायब्ररीत प्रमाणपत्र तपासताना होणारी चूक. सात वर्षांत ४७ सायटेशन्स. अर्जात त्याला दोन ओळी. सुरक्षेतल्या सदस्यानं तो बाजूला काढला नसता तर कोणाचं लक्ष गेलं नसतं.

सुरक्षा क्षेत्राचा एक विचित्रपणा असा की काम जितकं यशस्वी, तितकी सायटेशन आटण्याची शक्यता जास्त. चूक सापडली, दुरुस्त झाली, नवी आवृत्ती सगळीकडे पोचली. मग त्या चुकीवर पुढे निबंध कोण लिहिणार? न सुटणारा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं सायटेशन्स गोळा करत राहतो. म्हणून या प्रकारच्या निबंधाचा माग निबंधांच्या बाहेर काढावा लागतो.

तो असा काढला. निबंधात चार सीव्हीई क्रमांक (जाहीर सुरक्षा-त्रुटींना मिळणारे) दिले होते. चारही सार्वजनिक नोंदींत तपासले. श्रेयाचा रकाना सीव्हीईच्या नोंदीत सक्तीचा नाही, आणि दोन नोंदींत तो रिकामा होता. तिथे लायब्ररीच्या बदलांच्या इतिहासात गेलं. दुरुस्तीच्या कमिट-संदेशात (कोडमधल्या बदलासोबतच्या टिपेत) कळवणाऱ्याचं नाव आणि तारीख होती, आणि ती निबंधाच्या पाच महिने आधीची. हे अंतर गोंधळात टाकतं, पण ते बरोबर आहे: जबाबदारीनं कळवलं तर आधी दुरुस्ती आणि मग प्रसिद्धी. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोनं रूढ केलेली ९० दिवसांची मुदत बऱ्याच ठिकाणी पाळतात, त्यात परिषदेचं वेळापत्रक मिळवलं की पाच महिने सहज होतात. पुढे लायब्ररीच्या प्रकाशन-टिपणात मूळ सेटिंगच बदलल्याची नोंद सापडली. आणि त्याच विषयावरच्या एका आरएफसीच्या (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या) संदर्भयादीत हा निबंध होता. हा संदर्भ स्कोपसच्या मोजणीत कुठेच नव्हता.

समितीतल्या मशीन लर्निंगवाल्या सदस्याचा आक्षेप रास्त होता: अशा बाहेरच्या पुराव्याला मोजमाप नाही, मग दोन उमेदवारांची तुलना कशी करणार? मोजमाप नाहीच. पण प्रत्येक दावा सार्वजनिक नोंदीपर्यंत नेता येतो, आणि तसा नेता आला तरच तो टिपणात घ्यायचा, हे बंधन पुरेसं कडक आहे. उमेदवारानं ‘कोट्यवधी उपकरणं सुरक्षित झाली’ असं एक वाक्य लिहिलं होतं. त्याला नोंद सापडली नाही, म्हणून ते घेतलं नाही.

तुलना कोणाशी

सुरक्षा हे एक क्षेत्र नव्हे. क्रिप्टोग्राफी, सिस्टीम्स, वापरसुलभता आणि मशीन लर्निंगची सुरक्षा यांच्या सायटेशनची गती फार वेगवेगळी आहे. शिवाय एस अँड पी, युझनिक्स सिक्युरिटी, सीसीएस आणि एनडीएसएस या चार मोठ्या परिषदांत दर वर्षी स्वीकारल्या जाणाऱ्या निबंधांची संख्या गेल्या दशकात कित्येक पटींनी वाढली आहे. उल्लेख करणारे वाढले की उल्लेखही वाढतात. दहा वर्षांपूर्वीच्या उमेदवाराचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

म्हणून तुलना व्यक्तींची न करता निबंधांची केली. उमेदवाराचे १४ निबंध या चार परिषदांतले. प्रत्येकासाठी डीबीएलपीवरून त्या परिषदेची त्या वर्षीची पूर्ण यादी घेतली, सगळ्यांच्या सायटेशन्स सिमँटिक स्कॉलरवरून एकाच दिवशी काढल्या आणि क्रम लावला. १४ पैकी ४ आपापल्या वर्षाच्या वरच्या दहा टक्क्यांत, ५ त्याखाली पण मध्यकाच्या वर, ५ मध्यकाखाली. प्रमाणपत्रांच्या चुकीचा निबंध मध्यकाखालच्या पाचांत निघाला, हेही टिपणात तसंच लिहिलं.

टिपण आणि मुलाखत

अंतिम टिपण दीड पानाचं झालं. साफ केलेले आकडे स्रोत आणि तारखेसह एका ओळीत. मग डेटासंच, हल्ला, साधन आणि प्रमाणपत्रांची चूक हे चार निबंध, प्रत्येकी एका परिच्छेदात काय दिलं आणि कोणी वापरलं. आढाव्याचा निबंध त्यांच्याखाली यादीत ठेवला, पण उमेदवाराचा नेमका वाटा विचारावा अशा शेऱ्यासह. बाहेरच्या तज्ज्ञांना एकूण सायटेशनचा आकडा पाठवलाच नाही; या चार निबंधांच्या प्रती पाठवल्या आणि प्रत्येकाबद्दल विचारलं: हे काम नसतं तर तुमच्या उपक्षेत्रात आज काय वेगळं असतं? पाचपैकी चार पत्रांत डेटासंच आणि प्रमाणपत्रांचा निबंध यांचा उल्लेख आला, आढाव्याचा एकातच.

मुलाखतीत दोन प्रश्न. आढाव्यात आपला वाटा कोणता? सातांपैकी एक प्रकरण आणि तुलनेचा तक्ता, असं स्पष्ट उत्तर मिळालं. डेटासंचातल्या प्रतींचं काय केलं? उमेदवारानं संचाच्या नव्या आवृत्तीची माहिती दिली: प्रती वगळण्यासाठी हॅशची (फाइलच्या डिजिटल ठशांची) यादी, प्रत्येक नमुन्याला तारीख, आणि तारखेनुसार पाडलेले प्रशिक्षण-चाचणीचे भाग. ती आवृत्ती समितीनं त्याच दुपारी उतरवून पाहिली. हॅशची यादी जागेवर होती, तारखा होत्या. जुनी आवृत्ती मात्र तशीच, कोणत्याही सूचनेविना उपलब्ध होती. बढतीची शिफारस झाली, आणि जुन्या आवृत्तीच्या पानावर इशारा टाकावा, अशी विनंती वेगळ्या पत्रानं गेली.